प्लग काकांच्या मांडीवर

मीटरवर १३.६ व्होल्ट दिसले आणि बॅटरी ठणठणीत आहे असं मी सांगून टाकलं. तीच माझी त्या दिवसातली पहिली चूक. तो आकडा चार्जरचा होता.

आमचा कॅम्पर ट्रेलर कोल्हापुरात एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये बांधून घेतलेला आहे. झोपायच्या दोन जागा, छोटा ओटा, पाण्याचा पंप, १२ व्होल्टवर चालणारा फ्रीज, पंखा, दिवे आणि बसायच्या बाकाखाली पेटीत ठेवलेली १०० अँपिअर-तासांची, पाणी घालायची लेड-ॲसिड बॅटरी. बाहेरून २३० व्होल्टची लाईट मिळाली की चार्जर बॅटरीही भरतो आणि आतल्या सगळ्या १२ व्होल्टच्या वस्तूही चालवतो. छपरावर १०० वॉटचं सोलर पॅनल आहे. मे महिना आला की आम्ही राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट उतरतो. यंदा कणकवलीहून आचऱ्याला आणि तिथून तोंडवळीला गेलो. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये सुरूची झाडं आणि पुळणीवरची माडाची बाग. बागेचे मालक काका लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या पडवीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटमधून जाड केबल टाकून आम्ही ट्रेलरला लाईट घेतली होती.

बरोबर सासूबाई होत्या, आणि त्यांचं महिनाभराचं इन्सुलिन फ्रीजमध्ये.

दुसऱ्या रात्री दीडच्या सुमारास वाडीतली लाईट गेली. एरवी अशा वेळी आम्हाला कळतही नाही, बॅटरी सगळं उचलून धरते. त्या रात्री दहा मिनिटांत दिवे पिवळे पडले, फ्रीजचा कॉम्प्रेसर दोनदा घरघरला आणि गप्प झाला. पाऊण तासाने लाईट आली, पंखा फिरायला लागला आणि आम्हीही झोपलो. सकाळी उठून मी आतल्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर मीटर लावला आणि वर सांगितलेला आकडा वाचला.

"मग रात्री का मेली?" नवऱ्याने विचारलं. प्रश्न बरोबर होता.

बाहेरची लाईट चालू असताना आतल्या कुठल्याही टोकावर मीटर लावा, चार्जर देतो तेच व्होल्टेज दिसणार. बॅटरी आजारी असो वा धडधाकट. म्हणून पडवीतला प्लग काढला, पंखा आणि दोन दिवे लावले आणि मीटर धरून बसले. १२ च्या आसपास असलेला आकडा बघता बघता खाली आला आणि १०.६ वर थांबला. हा आकडा ओळखीचा आहे. अशा बॅटरीत सहा सेल असतात, चांगल्या भरलेल्या प्रत्येक सेलचे साधारण २.१ व्होल्ट, सगळे मिळून १२.६. त्यातला एक गेला की उरतात साडेदहा.

एक सेल गेलेली बॅटरी चार्जरवर ठेवणं हे बंद पडलेल्या बॅटरीपेक्षा वाईट. चार्जरला काही कळत नाही, तो आपले १३.६ देत राहतो. सहा सेलमध्ये वाटले तर प्रत्येकाला २.२७ येतात, ते सोसतं. पाचांतच वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला २.७ च्या वर जातात. मग ते सेल तापतात, आतलं पाणी उकळल्यासारखं बुडबुडायला लागतं आणि हायड्रोजन सुटतो. हे गणित डोक्यात आलं तशी मी पंखा-दिव्यांना हात न लावता दोन्ही दारं आणि खिडक्या उघडल्या, सासूबाईंना काकींच्या पडवीत जाऊन बसायला सांगितलं आणि मगच बाकाची फळी उचलली.

गरम वाफ तोंडावर आली आणि तिच्याबरोबर सडक्या अंड्यांचा वास. दोन दिवस तो वास मला अधूनमधून येत होता, पण शेजारच्या खळ्यात मासळी वाळत घातलेली होती आणि मी तो तिच्या नावावर टाकला होता. बॅटरीचा डबा एका बाजूने फुगला होता. लांबून तळहात धरला तरी धग लागत होती. पेटीच्या वरच्या कडेला गॅस बाहेर जाण्यासाठी बोटभर जाडीची नळी आहे. ती बाहेरून बघितली तर तोंडाशी मातीचं गुळगुळीत बूच. कुंभारीण माशीने त्यात घर केलं होतं. लाल मातीचे बारीक थर एकावर एक, इतके नीट की कुणी मुद्दाम लिंपून दिलंय असं वाटावं.

हायड्रोजन हवेपेक्षा हलका, पेटीत वरच्या बाजूला साठतो, आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते. म्हणून त्या क्षणी पाना हातात घ्यायचा नाही. गरम, गॅस सोडणाऱ्या बॅटरीची वायर काढताना उडणारी बारीकशी ठिणगीच घात करते. चार्जर बंद आहे, दारं उघडी आहेत, आता तिला थंड होऊ द्यायचं. एवढंच काम. खिशातला फोनसुद्धा मी बाहेर ठेवून आले.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. "थंड झाली की काढून टाकू. मग प्लग लावून ठेवू. चार्जर आहे ना, तो फ्रीज चालवेल. मी मालवणातून नवीन आणतो, तू चालू लाईटवरच बसव. इन्सुलिनचं काय करणार नाहीतर?"

याला अगदीच अर्थ नव्हता असं नाही. बरेच चार्जर बॅटरीशिवायही आतल्या वस्तू चालवतात. आमच्या चार्जरच्या पुस्तिकेतही तसं लिहिलंय. पण 'बॅटरी नसताना चार्जर चालू ठेवणं' आणि 'चार्जर चालू ठेवून बॅटरी काढणं-बसवणं' ही दोन वेगळी कामं आहेत. हा फरक मी शब्दांत मांडायच्या आत काका पडवीतून उतरून आले. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं.

"बाय," ते म्हणाले, "बॅटरी काढलंस म्हणान वायर मरना नाय. ती जितीच असा. दुसऱ्या बाजूक चार्जर बसलोहा."

मग त्यांनी तौक्ते वादळातली गोष्ट सांगितली. मे २०२१. किनाऱ्यावरचे खांब आडवे झालेले, गावंच्या गावं काळोखात, आणि यांची टोळी दिवसरात्र खांब उभे करत होती. एका ठिकाणी लाईन सबस्टेशनातून बंद होती, तसा निरोप होता. तरी चढायच्या आधी सवयीने टेस्टर धरला तर तो बोंबलायला लागला. शोधल्यावर कळलं, एका घरात जनरेटर आणून चेंजओव्हर स्विचशिवाय, म्हणजे घर लाईनपासून तोडणाऱ्या स्विचशिवाय, थेट घराच्या बोर्डाला जोडला होता. घरातली वीज उलट्या वाटेने ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरते आणि तिथे उलटं काम होतं. खालचे दोन-चारशे व्होल्ट वरच्या तारेवर ११ हजाराच्या घरात जातात. "लाईन एकाच बाजून येता असा धरूचा नाय," काका म्हणाले. "दोनय बाजू बघूच्यो. मगे मीटर. मगे हात."

आमच्या ट्रेलरमध्ये ११ हजार नाहीत, १२ आहेत. १२ व्होल्टचा शॉक कोरड्या हाताला जाणवत नाही, आणि म्हणूनच माणूस गाफील राहतो. तिथे भीती शॉर्टची. चार्जर चालू असताना बॅटरीची लाल केबल काढली की तिचं उघडं टोक ३० अँपिअरच्या जोरावर बाकाखाली लोंबत राहतं. ते लोखंडी चौकटीला टेकलं की ठिणग्या, आणि तेही हायड्रोजन असलेल्या पेटीत. खुद्द बॅटरी तर शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर ओतते. पान्याचा पूल झाला की पाना लाल होतो. बोटात अंगठी असली तर अंगठी.

इन्सुलिनचा प्रश्न काकींनी अर्ध्या मिनिटात सोडवला. डबा उचलला आणि आपल्या फ्रीजमध्ये, दारातल्या कप्प्यात ठेवला. मागच्या भिंतीला टेकवून ठेवला तर कधी कधी गोठतं आणि गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यावं लागतं, हे त्यांना सांगावं लागलं नाही, त्यांच्या घरातही एक जण घेतो. नवरा मालवणला गेला. जाताना जुन्या बॅटरीचा फोटो नेला, कारण एक गोष्ट दुकानात विसरली जाते. बॅटरीकडे तोंड करून उभं राहिलं की पॉझिटिव्ह टर्मिनल काही बॅटऱ्यांत डावीकडे असतं, काहींत उजवीकडे. तेवढ्याच मापाची पण उलट्या हाताची बॅटरी आणली तर केबल पुरत नाही, किंवा ओढूनताणून पुरते आणि माणूस सवयीने लाल वायर चुकीच्या खांबाला लावतो. चार्जरमधले उलट जोडणीचे फ्यूज उडाले तर नशीब.

लिथियमची घ्यावी का, हे त्याने फोन करून विचारलं. वजन निम्म्याहून कमी, मोह होणारच. मी नको म्हटलं. आमचा जुना चार्जर लेड-ॲसिडच्या हिशोबाने बांधलेला, लिथियमला त्याचा स्वभाव मानवेलच असं नाही. ते करायचं तर चार्जर आणि सोलरचा कंट्रोलर (पॅनलकडून बॅटरीत जाणारी वीज आवरणारा डबा) बघून, घरी, सवडीने. किनाऱ्यावर घाईत नाही.

अकरा वाजता बॅटरी हाताला कोमट लागली. काकांनी घरच्या इन्व्हर्टरसाठी ठेवलेला हायड्रोमीटर आणला, सेलमधल्या ॲसिडची घनता त्यावर कळते. आकडा जितका कमी तितका सेल रिकामा. पाच सेल १२३०-१२४० दाखवत होते, तिसरा ११०० वर. त्यात पाणी प्लेटांच्या खाली गेलं होतं. घाट उतरायच्या आधी मी पाणी बघितलं नव्हतं. या बॅटरीला दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर बघावं लागतं, आणि सतत चार्जरवर असेल तर त्याहूनही आधी.

मग काम सुरू केलं. आधी फ्रीज, पंप, पंखा, लॅपटॉपसाठीचा छोटा इन्व्हर्टर, सगळ्यांची बटणं बंद. ट्रेलरची मुख्य एमसीबी खाली. पडवीतलं बटण बंद, प्लग बाहेर. गाडीची जोडणी आल्यादिवशीच सोडली होती, पण तीही डोळ्यांनी बघून आले, कारण गाडी जोडलेली असली तर तिच्याकडूनही १२ व्होल्ट येतात.

काकांनी केबल गोळा केली, प्लग हातात घेतला आणि पडवीच्या पायरीवर बसले. प्लग मांडीवर. "तुझा होयसर ह्यो माझ्याकडे ऱ्हवांदे. पोरां खेळतत, कोण तरी लायत." त्यांच्या नोकरीत लाईनवर माणूस असला की बंद केलेल्या स्विचपाशी दुसरा माणूस उभा राहायचा. पुढचा दीड तास ते तिथून हलले नाहीत. चहाही तिथेच घेतला.

मी पाना उचलला तर त्यांनी वर बोट केलं. "थय छपरार काय असा?"

सोलर पॅनल. डोक्यावर मे महिन्यातलं ऊन. मी ते मोजलंच नव्हतं. पॅनल कंट्रोलरला जोडलेलं राहिलं आणि बॅटरी निघाली, तर साध्या कंट्रोलरमधून पॅनलचे वीस-बावीस व्होल्ट सरळ पुढे जाऊ शकतात आणि दिव्यांची, फ्रीजच्या सर्किटची वाट लागते. क्रम ठरलेला आहे. काढताना पॅनल आधी, बॅटरी नंतर. जोडताना बॅटरी आधी, पॅनल नंतर. पॅनलचा ब्रेकर पाडला आणि वर काकींची जाड गोधडीही टाकली.

हातातल्या बांगड्या, अंगठी, गळ्यातलं मंगळसूत्र काढून रुमालात बांधून सासूबाईंकडे दिलं. मंगळसूत्र वाकल्यावर नेमकं पुढे लोंबतं. त्या काहीच म्हणाल्या नाहीत, रुमाल ओटीत ठेवून बसल्या. रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, अंगात जुना सुती शर्ट. दहा नंबरच्या पान्याला तोंड सोडून सगळीकडे इन्सुलेशन टेप गुंडाळला. वायरींचा फोटो काढला आणि प्रत्येक केबलला चिकटपट्टी लावून नाव लिहिलं. पॉझिटिव्हवर तीन केबल होत्या, निगेटिव्हवर चार. आठवणीवर हे सोडायचं नसतं.

निगेटिव्ह आधी. कारण साधं आहे. निगेटिव्ह ट्रेलरच्या चौकटीला जोडलेली असते. ती सोडायच्या आधी पॉझिटिव्हला पाना लावला आणि तो घसरून चौकटीला लागला तर पूर्ण शॉर्ट. निगेटिव्ह सुटली की चौकटीशी नातं तुटतं, मग पॉझिटिव्हचा पाना कुठेही लागला तरी काही होत नाही. खाऱ्या हवेने नट धरला होता. टर्मिनलवर हिरवट पांढरी बुरशीसारखी साय चढली होती. हातोडी मारायची नाही, खांब आतून तुटतो. नट थोडा इकडे, थोडा तिकडे, असं करत पाच-सात मिनिटांनी सुटला. टोकं कोरड्या फडक्यात गुंडाळली, मग लाल काढली, तीही गुंडाळली.

आणि मग मीटर. दोन्ही केबलच्या टोकांना. ३.८ दिसले.

मी हात मागे घेतला. काकांना हाक मारली. त्यांनी प्लग वर करून दाखवला, माझ्याकडेच आहे म्हणून. गोधडी जागेवर होती, ब्रेकर पडलेला. मीटरकडे बघत राहिले तेव्हा दिसलं, आकडा उतरतोय. ३.१, २.४, १.७. इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये साठलेलं होतं, ते ओसरत होतं. पाणी भरलेला पाइप नळ बंद केल्यावरही थोडा वेळ गळतो तसं. दोन मिनिटांत शून्याच्या जवळ आला. आकडा स्थिर राहिला असता तर कुठेतरी चौथी-पाचवी वाट उघडी आहे असं समजून मी पुढे हात घातला नसता.

बॅटरी तीसेक किलोची. तोवर नवरा परतला होता, आम्ही दोघांनी ती पट्ट्याने, उभीच उचलली. फुगलेला डबा कलला की ॲसिड गळतं. पेटीचा तळ गंजला होता. खायचा सोडा पाण्यात कालवून ओतला, फसफसून फेस आला, फेस थांबेपर्यंत परत परत ओतला, मग साध्या पाण्याने धुऊन पुसून कोरडं केलं. नळीतलं मातीचं बूच तारेने काढलं. आतून तीन कोश निघाले, प्रत्येकात मेलेले कोळी रचलेले.

नवीन बॅटरी दुकानातच १२.७ दाखवत होती. इथे परत बघितली, आणि खांबांवरची अधिक-उण्याची खूण मीटरनेही पडताळली. केबल घासून चकाकत्या केल्या. पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी, पेटी उघडी आणि वारा वाहता ठेवून. शेवटच्या जोडणीला एक बारीक 'चट्' झालंच. नट घट्ट केले, हाताने हलवून पाहिले, वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला. समुद्राजवळ ही जेली चुकवायची नाही. पॉझिटिव्हजवळचा फ्यूज काढून त्याच्या पाकळ्या पाहिल्या, त्यांवरही हिरवं चढायला लागलं होतं. नवीन घातला. मग गोधडी काढली, पॅनलचा ब्रेकर वर केला. फ्रीज बॅटरीवर सुरू झाला, मीटरवर १२.५.

प्लग लावायच्या आधी काकांनी दोन बादल्या पाणी पडवीमागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात ओतलं. पुळणीची वाळू मे महिन्यात वरून हातभर कोरडी पडते, आणि कोरड्या वाळूत अर्थिंग नावालाच उरतं. ट्रेलरची पूर्ण बॉडी पत्र्याची, आत २३० व्होल्ट येतात, तेव्हा ही गोष्ट बॅटरीइतकीच महत्त्वाची. मग त्यांनी स्वतः प्लग लावला. मी आरसीसीबीचं, म्हणजे वीज गळाली की लाईट तोडणाऱ्या स्विचचं, चाचणीचं बटण दाबलं, ती खटकन पडली, परत वर केली. चार्जर सुरू झाला. १३.९, पुढे हळूहळू १४.४ आणि संध्याकाळी १३.६ वर स्थिरावला. या वेळी मी तिथे थांबले नाही. प्लग काढून तासभर थांबले, मग वाचलं. १२.७.

रात्री नऊला काकींनी डबा आणून दिला. सासूबाईंनी रुमाल सोडून मंगळसूत्र माझ्या गळ्यात घातलं. जुनी बॅटरी नवऱ्याने दुसऱ्या दिवशी मालवणच्या दुकानात परत केली, शिशाची बॅटरी दुकानदार घेतोच आणि किमतीत वजावटही मिळते. भंगारात किंवा बागेत कुठे टाकायची नसते.

नळीच्या तोंडाला मी मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा बांधला, हवा जाईल पण माशी शिरणार नाही असा. दुपारी कुंभारीण आली. तोंडात ओल्या मातीची गोळी. जाळीवर दोन-तीनदा बसली, कडेकडेने फिरून पाहिलं, आणि काकांच्या पडवीच्या वाशांकडे निघून गेली.